सादो बेटावरील र्‍योत्सू

जपानच्या सादो बेटावरील र्‍योत्सू या बंदराला १९५४ साली नगराचा दर्जा मिळाला. १ मार्च २००४ रोजी बेटावरील दहाही स्थानिक संस्था एकत्र होऊन सादो हे एकच नगर झाले. र्‍योत्सूचे नाव बंदराला कायम राहिले. याच विलीनीकरणात शेजारचे नीबो गावही आले. तेथील त्सुकाहारा येथे १२७१ साली हद्दपार झालेले भिक्खू नीचिरेन प्रथम राहिले. १२७४ साली त्यांना माफी मिळाली. तत्पूर्वी, १२७२ मध्ये, शिष्यांना लिहिलेल्या पत्रात आपला जन्म चांडाळ कुळातला असल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले. जन्म लपविण्याची गरज त्यांना भासली नाही, हे आम्हांस मोलाचे वाटते. मात्र ‘चांडाळ’ हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातूनच तेथवर पोहोचला होता.