मेणबत्तीचा संच भेट देताना

दिवाळीला भाचीला किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या मावशीला मेणबत्त्या बनवायचा संच द्यावा, असं पुष्कळांच्या मनात येतं. दादरच्या दुकानात खोकं हाती घेतलं की डोळे आधी रंगांकडे आणि फुलाफुलांच्या साच्यांकडे जातात. माझं म्हणणं, आधी वात बघा.

जळतं ते मेण; वात त्याला वर वाहून नेते. मेण वितळतं, धाग्यांतून चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१च्या नाताळच्या दिवसांत लंडनला मुलांसमोर एकट्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराला, वातीपासून दोनतीन इंच दूर, पेटती काडी लावली की ज्योत हवेतून वातीवर धावते, हे त्यांनी दाखवलं. आम्हा शायरमंडळींनी शमा आणि परवाना यांवर इतकं लिहिलं, पण वातीची जाडी कुणी मोजली नाही!

ती मोजावी लागते. पेल्याच्या मानाने वात बारीक असेल तर ती वितळलेल्या मेणात बुडून विझते. जाड असेल तर काजळी धरते. म्हणून खोक्यावर वात किती व्यासाच्या पेल्यासाठी आहे, हे लिहिलेलं असावं. सुती, मेणात भिजवलेली आणि बुडाला पत्र्याची चकती लावलेली वात नवशिक्याला सोपी. साचे कमी असले तरी चालतील, वाती जास्त हव्यात. पहिल्या दोनचार तर बिघडणारच.

मेण पॅराफिनचं की सोयाचं? साच्यातून काढायच्या उभ्या मेणबत्तीला पॅराफिन बरं. सोयाचं मेण मऊ, ते पेल्यातच शोभतं. सुगंधासाठी मेणबत्तीचंच तेल हवं. स्पिरिटमधलं सेंट ओतू नये. रंगासाठी मुलांचे खडू नकोत, वात तुंबते.

हे काम डोळ्यांपेक्षा हातांचं आणि मापाचं आहे. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत मेणबत्त्या करायला शिकलेले भावेश भाटिया यांनी महाबळेश्वरला आधी गाडीवर मेणबत्त्या विकल्या आणि पुढे ‘सनराइज कँडल्स’ उभी केली. तिथे काम करणारेही दृष्टिहीन आहेत. तेव्हा संचात मूठ असलेलं, चोच असलेलं भांडं आणि थर्मामीटर आहे ना, हे पाहावं. नसतील तर शंभर रंग असूनही तो संच घेऊ नये.

कारण आपली घरं. लालबाग-परळच्या नाहीतर गिरगावच्या चाळीतल्या खोलीत गॅस, पडदा आणि अंथरूण हाताच्या अंतरावर असतात. पॅराफिन साधारण ५५ ते ६५ अंशांना वितळतं. थेट आचेवर ठेवून विसरलं तर तापत जाऊन तेलासारखा भडका उडतो. म्हणून मेणाचं भांडं नेहमी पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं, वितळेपर्यंत जागचं हलायचं नाही. उरलेलं मेण मोरीत ओतायचं नाही. गोठून नळी बंद होते आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात.

बहुतेक खोक्यांत सूचना इंग्रजीत असतात. भेट बांधण्यापूर्वी एका कागदावर मराठीत लिहून आत ठेवा: मुलांनी मोठ्यांशिवाय शेगडी पेटवू नये, आणि मेणाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकू नये. गॅस बंद करून भांड्यावर ताटली झाकावी. ती ताटली आधीपासून जवळ काढून ठेवलेली असावी.