तंबोऱ्याचा भोपळा भीमाकाठचा

तंबोरा म्हटले की मिरजेचे नाव येते आणि ते रास्तच आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतून आलेल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतारीचे काम सुरू केले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण ज्या पोटातून तो नाद घुमतो, तो भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या भीमाकाठच्या शेतांतून.

हा भोपळा कडू, खायच्या कामाचा नाही. जात मात्र आपल्या दुधीचीच, लॅजेनेरिया सिसेरॅरिया. दक्षिण आफ्रिकेत याच जातीच्या वाकड्या मानेच्या फळापासून तंबाखूचे कॅलाबॅश पाइप करतात.   

तंबोऱ्यासाठी भोपळा सुकवण्याचे काम शेतातच सुरू होते. फळ जमिनीवर वाढते. एकाच कुशीवर पडून राहिले तर ती बाजू चपटी होते, ओल धरून कुजते. म्हणून खाली काड पसरायचे आणि फळ नीट बसवायचे. वेल वाळेपर्यंत ते तोडायचे नाही. सोलापूरचे कोरडे ऊन इथे कामी येते. कच्चे फळ उतरवले की साल आकसते, सुरकुतते, आणि तो भोपळा वाद्याच्या कामातून जातो.

घेणारा आधी घेर पाहतो. मर्दानी तंबोऱ्याला मोठा, जनानीला लहान, सतारीला त्याहून लहान. मग भोपळा उचलून कानाशी हलवतो. बिया खुळखुळल्या तर आतला गर सुकला. बोटांनी ठोकून तो सालीचा अंदाज घेतो. पातळ साल तारांच्या ताणाने दबते, फार जाड साल नाद कोंडते.

कारखान्यात तोंड कापून भोपळा पाण्यात भिजवतात. मऊ झाला की आतला गर खरवडतात, आकार टिकावा म्हणून आतून काठ्यांचा ताण देतात आणि पुन्हा वाळवतात. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी, तून लाकडाची. ते हलके असते, त्याला सहसा कीड लागत नाही. पण त्यातही सरळ रेषेचे, गाठ नसलेले, चांगले मुरलेले लाकूडच निवडतात. ओले लाकूड पुढे आकसते आणि भोपळ्याशी असलेला सांधा उकलतो. तिथून सूर बिघडायला सुरुवात होते.

या साखळीतला शेतकरी मात्र कुणाच्या नजरेत नाही. त्याच्यासमोर उसाचा पर्याय आहे. ऊस घ्यायला साखर कारखाना असतो. भोपळा महिनोन्‌महिने रान अडवतो, नदीला पूर आला तर वाहून जातो आणि त्याला गिऱ्हाईक मोजकेच. लागवडीआधीच भाव आणि खरेदीची हमी मिळाली, तरच तो हे पीक टिकवील. मिरजेच्या मानांकनाचा लाभ मंगळवेढ्याच्या बांधापर्यंत पोचला पाहिजे. ही कृपा नव्हे, अर्ध्या वाद्याची मजुरी आहे.