भाताच्या पेशींतील तोतया

श्रावण-भाद्रपदांत कोंकणांतील खाचरें हिरवीगार दिसत असतां मध्येंच एखाद्या खाचरांत पानांच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडूं लागतात आणि पुढें पांढुरक्या होऊन वाळतात. ह्या रोगास ‘कडा करपा’ म्हणतात. जपानांत तो १८८४ सालापासून ठाऊक आहे. भारतांतील त्याची पहिली नोंद १९५१ सालची, महाराष्ट्रांतील आहे. १९६३ सालीं बिहारांत त्याची मोठी सांथ आली. एकदां रोग पानांत मुरला कीं औषधाचा फारसा उपयोग होत नाहीं. म्हणून ज्या घरीं भातशेती आहे त्यांस तरी ह्या शत्रूची रीत माहीत असावी.

शत्रु म्हणजे झँथोमोनास ओरायझी नांवाचा जंतु. त्याची लांबी मिलिमीटरच्या एकदोन हजारांशांएवढी. पानाच्या कडेवरील सूक्ष्म जलरंध्रांतून, किंवा लावणीच्या वेळीं रोपांचे शेंडे खुडल्यानें झालेल्या जखमांतून, तो आंत शिरतो व पाणी वाहून नेणाऱ्या शिरांत वस्ती करतो. तेथें पाणी पुष्कळ, पण अन्न थोडें. साखर असते ती शेजारच्या पेशींच्या पोटांत, भिंतीआड. जंतु स्वतः त्या पेशींत जात नाहीं. मग ती साखर त्याला मिळते कशी?

वनस्पतीच्या बहुतेक पेशींत केंद्र नांवाचा एक भाग असतो. तो त्या पेशीचा दफ्तरखाना होय. डी. एन. ए. नामक लांब धाग्यावर, अवघ्या चार अक्षरांच्या लिपींत, पेशीस लागणाऱ्या बहुतेक प्रथिनांचे लेख तेथें लिहिलेले असतात. एकेका लेखास जनुक म्हणतात. सर्व लेख एकाच वेळीं वाचले जात नाहींत. लेखाच्या आरंभींच्या ठराविक अक्षरांवर पेशीचीं कारभारी प्रथिनें येऊन बसलीं, म्हणजे तो लेख उघडतो.

जंतूच्या अंगावरून एक पोकळ, अतिशय बारीक नळी निघते व पेशीच्या भिंतींतून आंत जाते. तिच्यावाटे तो स्वतः बनविलेलीं प्रथिनें आंत सोडतो. त्यांपैकीं ‘टाल’ जातीच्या प्रथिनांवर केंद्रांत प्रवेश मिळण्याची खूण असते, अगदीं वनस्पतीच्या कारभाऱ्यांवर असते तशीच. द्वारपाल फसतात. सदाशिवरावभाऊंचें नांव घेऊन आलेला तोतया वाचकांस इतिहासांत भेटला असेल. तो अखेर पकडला गेला. हा मात्र बहुधा आपला हुकूम बजावून घेतो.

हव्या त्या लेखावर तो नेमका कसा पोंचतो, हें मला ह्या विषयांतील सर्वांत सुंदर प्रकरण वाटतें. टाल प्रथिनाचा मधला भाग मण्यांच्या माळेसारखा असतो. प्रत्येक मणी सुमारें ३४ अमिनो अम्लांचा, आणि सर्व मणी जवळजवळ सारखे. फक्त १२ व्या व १३ व्या जागेवरील अम्लें बदलतात. हा मणी डी. एन. ए. च्या कोणत्या अक्षरावर बसणार, हें तीं दोन अम्लें ठरवितात. एक मणी, एक अक्षर! जर्मनींतील हाले व अमेरिकेंतील आयोवा येथील संशोधकांनीं २००९ सालीं ही सांकेतिक लिपि स्वतंत्रपणें उलगडली.

असा तोतया ‘स्वीट ११’ ह्या जनुकाच्या आरंभीं जाऊन बसतो. हा लेख पेशींतील साखर बाहेर सोडणाऱ्या प्रथिनाचा आहे. एरव्हीं पानांत तो बहुतांशीं मिटलेला असतो. त्याचें खरें काम दाणा भरतांना. तोतयाच्या हुकमानें तो अवेळीं उघडतो, साखर बाहेर झिरपते आणि जंतूंची पंगत बसते. चोरानें कुलूप फोडूं नये, घरच्याच माणसाकडून कोठार उघडून घ्यावें, तसा हा प्रकार. (माणसास रक्ती आंव आणणारा शिगेला जंतुही आंतड्याच्या पेशींच्या केंद्रांत असेंच एक प्रथिन पाठवितो, तें मात्र मदतीची हांक देणारे लेख मिटवितें.)

‘ध’ चा ‘मा’ झाल्यानें नारायणरावांचा प्राण गेला, अशी आख्यायिका आहे. भातांत उलट घडलें आहे. कांहीं वाणांत ‘स्वीट ११’ च्या आरंभींचीं अक्षरेंच निराळीं आहेत. तेथें तोतयाची माळ जुळत नाहीं, आणि पीक वांचतें. हा गुण, आणखी दोन प्रतिकारक जनुकांसह, हैदराबाद येथील संशोधकांनीं सांबा मसुरी ह्या लोकप्रिय वाणांत संकरानें आणला, व तो सुधारलेला वाण २००८ सालीं प्रसृत झाला. तीन गुण एकत्र घालण्याचें कारण असें कीं, जंतूच्या दुसऱ्या जाति ‘स्वीट १४’ नांवाचें वेगळें कोठार उघडतात. दुसऱ्या कांहीं भातांनीं तर सापळाच मांडला आहे: तोतया ज्या अक्षरांवर बसतो, तींच त्यांच्या एका संरक्षक जनुकापुढें आहेत. तोतयानें हुकूम सोडावा, आणि त्याच हुकमानें वनस्पतीचें संरक्षण जागें व्हावें!

गणपतीच्या सुटींत गांवीं गेल्यावर कडा वाळलेलें एखादें पान दिसल्यास, वाळलेला व हिरवा भाग जेथें मिळतात तेथें तें आडवें कापावें, आणि कापलेलें टोंक कांचेच्या पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत बुडवून उजेडासमोर धरावें. रोग कडा करप्याचा असेल, तर कांहीं मिनिटांत कापल्या जागेतून दुधाळ धूर सुटल्यासारखा दिसतो. ते जंतूच असतात, लक्षावधि.