तार ढकलायची कशी? पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या मशीनबद्दल

ज्यांना ऑफिसात इयरफोन लावता येत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' निम्मे उडवलेत, उरलेले चालवून घ्या.

मागे एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती: "दादा, भंगार यार्डात पुठ्ठ्याचे मोठे गठ्ठे असतात, त्यांना तार बांधलेली असते. मशीन ती तार गठ्ठ्याभोवती फिरवतं कसं? हात तर कुठे दिसत नाही." प्रश्न एकदम माझ्या गल्लीतला. माझं बीटेक झालं कॉम्प्युटरमध्ये, पण सध्या काम करतो ते अशाच मशीनच्या कंट्रोलरवर. कुठला सेन्सर काय सांगतोय आणि मोटर कधी थांबवायची, हे ठरवणारा कोड लिहितो.

तर, तुमच्या ऑनलाइन ऑर्डरचा खोका रद्दीवाल्याकडून यार्डात पोचतो. तिथे हायड्रॉलिक प्रेस शेकडो खोके दाबून एक चौकोनी ठोकळा बनवतो. दाब काढला की पुठ्ठा परत फुगणार, म्हणून दाब असतानाच तो बांधायचा. बांधायला साधारण तीन मिलिमीटर जाडीची काळी तार लागते. ही तार तापवून सावकाश थंड केलेली असते, त्यामुळे मऊ असते आणि पीळ दिला तरी तुटत नाही.

आता पायजम्यात नाडी घालणं आठवा. नुसती नाडी नेफ्यात ढकलून बघा, गोळा होऊन बसते. म्हणून आपण पुढे सेफ्टी पिन लावतो. मशीनमध्ये पिन नाही, तारेनेच स्वतः पुढे जायचंय. दोन खाचेचे रोलर तिला चिमटीत धरून मागून ढकलतात. समजा गठ्ठा ११० बाय ७५ सेंटीमीटरचा आहे. म्हणजे घेर ३७० सेंटीमीटर, आणि ट्रॅक गठ्ठ्याच्या बाहेरून फिरतो म्हणून त्याहून थोडा जास्त. जवळजवळ चार मीटर तार, चार वळणं घेऊन, मागून ढकलून, परत सुरुवातीच्या जागी आणायची.

लांब आणि बारीक वस्तू टोकाकडून दाबली की ती मोडत नाही, बाजूला वाकून पळते. याला बकलिंग म्हणतात. अठराव्या शतकात ऑयलरने त्याचं गणित मांडलं. आपल्याला त्यातलं एवढंच हवंय: बिनआधाराची लांबी दुप्पट झाली की तार झेलू शकणारा जोर चौथाईवर येतो. म्हणून गठ्ठ्याभोवती एक बंद पन्हळ असते, तिला ट्रॅक म्हणतात. आत तारेला बाजूला पळायला जागाच नसते. घात होतो तो रोलर संपून ट्रॅकचं तोंड सुरू होतं त्या छोट्या अंतरात. तिथे फट राहिली आणि पुढे तार कुठे अडकली, तर दोन सेकंदांत तारेचं घरटं तयार! मिग वेल्डिंग करणाऱ्यांना हे घरटं चांगलं माहीत आहे, आणि थ्रीडी प्रिंटरमध्ये मऊ फिलामेंट घालून बघणाऱ्यांनाही.

बरं, तार भेंडोळ्यातून येते, तिला गोल वळायची सवय लागलेली. म्हणून आधी वर-खाली लावलेल्या छोट्या चाकांतून ती सरळ करतात. तार कापली जाते तेव्हा टोकाला धार राहते, आणि हे धारदार टोक ट्रॅकच्या प्रत्येक जोडावर अडकायला बघतं. म्हणून जोडाच्या पुढच्या तुकड्याचं तोंड नरसाळ्यासारखं थोडं उघडं ठेवतात. कोपऱ्यांचे तुकडे कडक पोलादाचे असतात, तरीही रोज तार घासून त्यांत खोबण पडते. आमच्याकडचे फिटरकाका मशीन बंद करून कोपऱ्यात टॉर्च मारतात आणि सांगतात, "हा बदला." सॉफ्टवेअरला ती खोबण दिसत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. तार फिरून आली, टोक चिमट्यात पकडलं, आता रोलर उलटे फिरून तार घट्ट ओढणार. पण तार तर पन्हळीत बंद! म्हणून ट्रॅकची आतली बाजू, म्हणजे गठ्ठ्याकडची, स्प्रिंगच्या झडपांनी झाकलेली असते. ढकलताना झडपा बंद, कारण तार धरून ठेवायचीय. ओढताना तारेच्याच ताणाने त्या उघडतात आणि तार सुटून गठ्ठ्यावर बसते. मग पीळ देऊन तार कापायची. तोच ट्रॅक आधी घट्ट धरणार आणि नंतर अलगद सोडणार, या मशीनचं सगळं डिझाइन याच भांडणावर उभं आहे. स्प्रिंग सैल असेल तर तार अर्ध्यातच बाहेर पडते. फार कडक असेल, किंवा कागदाच्या भुशाने एखादी झडप जाम झाली असेल, तर तार तिथे अडकून राहते, पीळ बसतो पण फास ढिला. हा ढिला फास जास्त वाईट, कारण स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं आणि गठ्ठा फोर्कलिफ्टवर फुटतो.

(सगळी मशीनं अशी नसतात. काहींत ट्रॅकच नसतो. तार आधीच आडवी ताणलेली असते, गठ्ठा तिच्यावर ढकलला जातो आणि मागून मोठ्या सुया दुसरी बाजू ओढून आणतात. तिथे तार ढकलण्याऐवजी ओढली जाते, त्यामुळे भानगडी वेगळ्या.)

माझ्या कोडचा भाग छोटा आहे. रोलरवरचा एन्कोडर सांगतो किती मीटर फिरलो, आणि शेवटचा सेन्सर सांगतो टोक पोचलं का. चार मीटरचा हिशोब होऊनही टोक आलं नाही तर लगेच थांब. कारण एन्कोडर चाक मोजतो, तार नाही. चाक घसरत असेल किंवा घरटं बनत असेल, तरी मीटर पुढे पळतच राहतात. एका ठिकाणी मागणी आली होती, "तीन वेळा रिट्राय टाका, लाइन थांबायला नको." मी नाही म्हटलं. नेटवर्क कॉल परत केला तर काही बिघडत नाही, पण अडकलेल्या तारेवर परत ढकललेली तार म्हणजे आणखी मोठं घरटं. आणि ते घरटं कुणीतरी हाताने काढतं.

त्या हाताबद्दल वाद घालायला मी कायम तयार आहे. मशीन थांबलंय म्हणजे बंद आहे असं नाही, ते पुढच्या सिग्नलची वाट बघत असतं. सेन्सरसमोर कुणी बोट आणलं आणि त्याला वाटलं टोक आलं, तर पुढची पायरी आहे ताण आणि पीळ. त्यामुळे आधी मेन स्विच बंद, त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, हायड्रॉलिकचा दाब उतरवलेला, आणि मगच पक्कड घेऊन आत. दाराचा इंटरलॉक तार बांधून बायपास केलेला दिसला तर तिथे काम करू नका. सुपरवायझर ओरडला तरी.

शेवटचं एक, कारण हे विचारलं गेलंच असतं: तार ओढायची किती घट्ट? वाटतं त्यापेक्षा कमी. प्रेस सुटला की पुठ्ठा फुगतो आणि तार आपोआप ताणली जाते. आधीच करकचून ओढली असेल तर त्या फुगण्याने पिळाच्या जागी तुटते. हाच ताण कागद मिलपर्यंत टिकतो. तिथे तार कापणारा माणूस गठ्ठ्यासमोर नाही, बाजूला उभा राहतो. कापलेलं टोक चाबकासारखं येतं.

तुमच्यापैकी कुणी यार्डात किंवा मिलमध्ये काम करत असाल तर व्हॉइस नोट पाठवा. तुमच्याकडची तार कुठल्या कोपऱ्यात अडकते ते ऐकायचंय.