बेगमीचे दिवस, सभासदांचे घर

ज्या माणसांना दूर ठेवावयाचे त्यांच्यासाठी रत्नागिरी हे सोयीचे ठिकाण आहे, अशी इंग्रज सरकारची समजूत फार दिवसांची होती. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्रीचा कडा, पावसाळ्यात बंद पडणारी बोटींची ये-जा आणि घाटातून उतरणाऱ्या मोजक्या बिकट वाटा, असा निसर्गाचाच कडेकोट बंदोबस्त येथे आयता मिळत असे. १८८६ साली ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला सरकारने येथे आणून ठेवले आणि १९१६च्या डिसेंबरात तो येथेच निवर्तला. १९२४ पासून १९३७ पर्यंत स्वातंत्र्यवीर सावरकरांची स्थानबद्धताही याच गावी झाली. राजाचा राजवाडा लोक आजही पाहावयास जातात आणि सावरकरांच्या वास्तव्याची साक्ष पतितपावन मंदिर देते. परंतु थिबा राजा आला त्याच १८८६ साली येथे वेड्यांचे इस्पितळ स्थापन झाले, आणि त्याच्या आवारात ज्यांची आयुष्ये सरली त्या सामान्य माणसांची कहाणी मात्र सरकारी दप्तराबाहेर फारशी आली नाही.

आज ती संस्था प्रादेशिक मनोरुग्णालय या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात अशी सरकारी रुग्णालये चार. त्यांत येरवड्याच्या २५४०, ठाण्याच्या १८५० आणि नागपूरच्या ९४० खाटांच्या मानाने रत्नागिरीच्या ३६५ खाटा म्हणजे सर्वांत लहान पसारा. प्रारंभीच्या काळात १८५८च्या आणि पुढे १९१२च्या कायद्यान्वये रोग्यास दाखल करावयाचे ते मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आणि डॉक्टरच्या दाखल्याने. त्याला घरी न्यावयाचे झाले तर आप्ताने पुढे होऊन त्याच्या देखभालीची हमी द्यावयाची. आत जाण्याची वाट पोलिसांमार्फत आणि बाहेर येण्याची वाट जामिनाच्या कागदातून, अशी ही रचना असल्यामुळे आजारी माणूस व आरोपी यांतील अंतर लोकांच्या मनात पुसले गेले, आणि कोकणातल्या घराघरांत कोणी तऱ्हेवाईक वागला की ‘याला रत्नागिरीस पाठवा’ असे म्हणण्याचा प्रघात पडला.

१९५२ नंतर क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे निघाली आणि ज्यांना जन्मभर कोठडीत ठेवावे लागे अशी पुष्कळ माणसे शांत होऊन घरी परतू लागली. वैद्यकाचा हा विजय खरा. परंतु घरी परतलेल्या माणसाची दुसरी अडचण औषधाच्या आटोक्यातली नव्हती. सकाळी उठून कोठे जावयाचे, कोणी आपली वाट पाहत आहे काय, आपण एक दिवस गेलो नाही तर कोणाचे काही अडेल काय, या प्रश्नांना गोळीत उत्तर नसते. माजघराच्या कोपऱ्यात दिवस काढणारा, पाहुणे आले की आत जाण्याची खूण ज्याला केली जाते असा तो मनुष्य काही महिन्यांनी औषध सोडतो, पुन्हा बिघडतो आणि पुन्हा इस्पितळात दाखल होतो. हा फेरा सर्वच देशांच्या अनुभवाचा आहे.

या फेऱ्यातून वाट काढली ती रोग्यांनीच. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड येथील सरकारी इस्पितळात १९४०च्या दशकात काही रोग्यांनी आपला एक मेळा केला, आणि बाहेर पडल्यावरही ते शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एकमेकांस भेटत राहिले. आपण एकटे नाही, एवढेच त्यांचे ब्रीद होते. १९४८ साली काही हितचिंतकांच्या साह्याने त्यांना स्वतःचे घर मिळाले. परसात कारंजे होते म्हणून त्या घरास ‘फाउंटन हाउस’ हे नाव पडले. १९५५ साली जॉन बिअर्ड नावाचे समाजकार्यकर्ते संचालक होऊन आले आणि त्यांच्या हाताखाली या घरास आजचे निश्चित रूप प्राप्त झाले. लाहोरला याच नावाचे घर १९७१ साली निघाले. आज तिसांवर देशांत अशी ३००हून अधिक ‘क्लबहाउस’ चालू आहेत आणि १९९४ पासून त्यांची एक जागतिक संघटनाही आहे.

या संस्थेची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. येथे येणारा रोगी नसतो, सभासद असतो. सभासदत्व ऐच्छिक आणि आजन्म, त्यामुळे मध्यंतरी आजार उलटून तो वर्षभर अंतरला तरी त्याची जागा कायम. घर इस्पितळाच्या आवारात असता कामा नये, त्याला स्वतःचा दरवाजा असावा, आणि नोकरवर्गासाठी राखीव, सभासदांना मज्जाव असलेली अशी एकही खोली त्यात असू नये, हे लिखित दंडक आहेत. औषधोपचार येथे होत नाहीत. ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे. सकाळी सर्वांनी जमून दिवसाची कामे वाटून घ्यावयाची: कोणी स्वयंपाकघर, कोणी हिशेब, कोणी टपाल, कोणी बाग. पगारी नोकर बुद्ध्याच इतके थोडे ठेवलेले असतात की सभासदांनी हात लावल्याखेरीज दुपारचे जेवण पानात पडावयाचे नाही. ही टंचाई हेच या संस्थेचे खरे यंत्र होय. ज्या मनुष्यास वर्षानुवर्षे केवळ सांभाळले गेले, त्याच्यावाचून काही अडते हा अनुभव त्याला येथे प्रथम मिळतो. आणि तो अनुभव खोटा, मुद्दाम रचलेला असून चालत नाही, कारण असली दया आजारी माणूस इतरांहून लवकर ओळखतो.

दुसरी योजना नोकरीची. गावातील एखाद्या मालकाशी करार करून संस्था एक अर्धवेळ जागा आपल्याकडे घेते. त्या जागेवर एकेक सभासद सहा ते नऊ महिने काम करतो, प्रचलित दराने वेतन मालकाकडून घेतो, आणि तो एखादे दिवशी जाऊ शकला नाही तर काम शिकून घेतलेला संस्थेचा माणूस त्याच्या जागी हजर होतो. मालकाचे काम खोळंबत नाही आणि सभासदाच्या पदरी अनुभव पडतो, अशी ही उभयपक्षी लाभाची तजवीज आहे.

आता ही योजना रत्नागिरीच्या मातीत कशी रुजेल याचा विचार करू लागले म्हणजे उन्हाळा हा ऋतू प्रथम डोळ्यांपुढे येतो. इतरत्र उन्हाळा म्हणजे सुट्टी. अमेरिकेतील क्लबहाउसेही या दिवसांत सहली काढतात, बागा लावतात, आणि फाउंटन हाउसचे तर न्यू जर्सीत स्वतःचे शेत आहे. कोकणात मात्र वैशाख-ज्येष्ठ हे बेगमीचे दिवस. मृगाचा पाऊस उतरण्यापूर्वी चार महिन्यांचे सारे काही घरात आले पाहिजे. रायवळ आंब्यांचा रस काढून, ताटांना तुपाचे बोट लावून त्याच्या पोळ्या उन्हात घालावयाच्या आणि एक थर वाळला की त्यावर दुसरा चढवावयाचा. रातांबे फोडून बिया व गर मिठात घालावयाचा, आणि त्या रसाची पुटे देत देत साले वाळवून आमसुले करावयाची. फणसाचे गरे तळावयाचे, पापड-सांडगे वाळत टाकावयाचे, मिरच्यांचे देठ खुडावयाचे, काजूच्या बिया निवडावयाच्या, लाकूडफाटा पडवीत रचावयाचा. या कामांचा विशेष असा की त्यांत प्रत्येक पायरी निराळी आणि प्रत्येक पायरीस निराळी कुवत पुरते. ज्याला बोलणे नको वाटते त्याने देठ खुडावेत, ज्याचे हात औषधाने थरथरतात त्याने वाळवणाची राखण करावी, ज्याला हिशेब येतो त्याने बरण्यांवर चिठ्ठ्या लावून वहीत नोंद करावी. आणि आभाळ भरून आले की सर्वांनीच धावत सुटावे. सकाळच्या सभेत कामे वाटून घेण्याची जी पद्धत न्यूयॉर्कमध्ये विचारपूर्वक बसवावी लागली, ती कोकणातल्या एकत्र कुटुंबाच्या खळ्यात आयतीच चालत आलेली आहे.

मात्र एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. मनोविकारावरील कित्येक औषधांनी शरीराची घाम येण्याची व उष्णता सोसण्याची शक्ती मंदावते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले तर रक्तातील लिथियमचे प्रमाण घातक मर्यादेपर्यंत चढू शकते. म्हणून वाळवणाचे काम सकाळी लवकर, दुपार सावलीत, पाण्याची घागर हाताशी, आणि गुंगी, उलटी वा फार थरथर दिसताच तत्काळ डॉक्टर, एवढा नियम उन्हाळी कार्यक्रमाच्या शिरोभागी लिहिलेला असावा.

कामानंतर करमणूक. क्लबहाउसचा दंडक असा की संध्याकाळ व सुट्टीचे दिवसही संस्थेने आपले मानावेत, आणि सण ज्या दिवशी येतो त्याच दिवशी तो साजरा व्हावा. भाट्याच्या वाळूवरची सायंकाळ, मांडवीचा धक्का, १८२८ साली स्थापन झालेल्या नगर वाचनालयातील वर्तमानपत्रांचा तास, हौशी मंडळींच्या नाटकाची तालीम, यांपैकी कशालाच मोठा खर्च नाही. शिवाय मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, लग्ने निघतात, घरे भरून जातात. आणि नेमक्या याच दिवसांत आजारी माणसाला घर नकोसे होते, कारण ‘हल्ली काय करतोस?’ हा प्रत्येक पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो. त्याला सांगण्यासारखे एक खरे उत्तर मिळवून देणे हे उन्हाळ्यातील सर्वांत मोठे कार्य होय.

सभासदांच्या वार्तांचे पत्रक हेही या संस्थांचे एक ठळक अंग आहे. ते लिहावयाचे, तपासावयाचे, छापावयाचे आणि घडी घालून पाठवावयाचे, सारे सभासदांनीच. त्यात वाढदिवस असतो, कोणाला नोकरी लागली ते असते, कोणी वर्षभराने परतला त्याचे स्वागत असते, कोणी वारला तर चार ओळींचा शोक असतो. ज्या माणसाविषयी तोवर केवळ केसपेपर लिहिला गेला, त्याच्याविषयी प्रथमच बातमी लिहिली जाते, हा फरक सामान्य नव्हे. कोणाचे नाव छापावे हे मात्र ज्याने त्याने ठरवावयाचे; आजाराची चर्चा पत्रकात होत नाही. जो बरेच दिवस दिसला नाही त्याला फोन करणे किंवा त्याच्या घरी जाऊन येणे हेही सभासदांचेच काम.

महाराष्ट्राला या दिशेचा अनुभव नाही असे नाही. कॅल्गरीत प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यास १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. त्यांच्याच प्रेरणेने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला, आणि कोकणातल्या एका तरुणाच्या भ्रमिष्टपणाकडे प्रेक्षकांनी उपहासाविना पाहिले. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेचे ‘त्रिदल’ हे पुनर्वसनाचे केंद्र आहे, कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोचविते, आणि या कार्यासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सर्व संस्था तंतोतंत क्लबहाउसच्या साच्यातल्या नव्हेत. परंतु माणसाला कोठडीतून काढून माणसांत आणावयाचे, या एका निश्चयावर त्या उभ्या आहेत.

क्लबहाउसविषयी आक्षेपही आहेत, आणि ते विचारार्ह आहेत. सभासदांच्या श्रमावर संस्था चालते, तर ती स्वस्त मजुरीची जागा तर होणार नाही ना? आपल्यासारख्यांतच रमणारा मनुष्य समाजात मिसळावयाचा राहून तर जाणार नाही ना? पहिल्या भयावर उपाय एवढाच की घरातले काम घरासाठी, विक्रीसाठी नव्हे, आणि मोबदल्याचे काम बाहेरच्या मालकाकडे पुऱ्या वेतनावर. दुसऱ्याचे उत्तर त्या अर्धवेळ जागांत आहे. म्हणून ज्या घरापाशी अशा जागा नाहीत ते घर अपुरे समजावे.

कायदा आता या विचाराच्या बाजूस आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट सांगतो की केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा समाजात सोय नाही एवढ्या कारणाने कोणासही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. परंतु समाजातील सोय कायद्याच्या कलमाने उभी राहत नाही. तिला जागा लागते, आणि गावातले चार प्रतिष्ठित गृहस्थ लागतात. रत्नागिरीत आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे कारखानदार आहेत, छापखाने आहेत, उपाहारगृहे आहेत, ओस पडलेल्या ओसरीची जुनी घरे आहेत. त्यांपैकी एका मालकाने आपल्याकडची एक अर्धवेळ जागा अशा घरासाठी राखून ठेवावी आणि एका घरमालकाने ओसरीची किल्ली द्यावी; इस्पितळातून बऱ्या होऊन बाहेर पडणाऱ्या माणसांसाठी या गावाने प्रथम एवढे केले तरी पुष्कळ झाले.