मोटारसायकलवरून गॅरेजचे दार उघडणे

मोटारसायकलवरून न उतरता गॅरेजचे दार उघडण्यासाठी दुचाकीवर बसविलेल्या रेडिओ-दूरनियंत्रकाचा (बोलीभाषेत रिमोट) उपयोग केला जातो. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत रूढ आहे. तेथील उपनगरांतील घरांना लागूनच गॅरेज असते आणि त्याचे दार विजेच्या मोटारीने वर सरकते. मोटारगाडीचा चालक रिमोट सनव्हायझरला अडकवून ठेवतो. दुचाकीस्वाराला ती सोय नसते. त्याचा उजवा हात थ्रॉटल व पुढच्या ब्रेकवर, डावा हात क्लचवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर गुंतलेला असतो. दारासमोर चढ असेल, पाऊस पडत असेल आणि हातांत मोजे असतील, तर खिशातून रिमोट काढण्याच्या खटपटीत जड गाडी कलंडू शकते.

पार्श्वभूमी

वर सरकणारे गॅरेजचे दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आणि ते उघडणारे विद्युत यंत्र १९२६ मध्ये तयार केले. दाराचे वजन मोटार उचलते असा सर्वसाधारण समज आहे, परंतु तो बरोबर नाही. वजन तोलून धरण्याचे काम दारावरील पीळदार स्प्रिंगा करतात. मोटार केवळ तोल बदलते. रेडिओ-रिमोट दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आले. आरंभीच्या रिमोटांमध्ये संकेतांची विविधता नसल्याने एकाच्या बटणाने शेजाऱ्याचे दारही उघडत असे. पुढे रिमोट व ग्राहक यंत्र या दोहोंत ८ ते १२ इवल्या स्विचांची पट्टी आली. प्रत्येक स्विच चालू किंवा बंद अशा दोनच स्थितींत राहत असल्यामुळे ८ स्विचांपासून २५६ आणि १२ स्विचांपासून ४,०९६ संकेत तयार होतात.

दुचाकीवरील जोडणी

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लहान रिमोट हँडलवर क्लिपने किंवा चिकटपट्टीने बसविणे. मात्र असा रिमोट पाण्याने व हादऱ्यांनी लवकर बिघडतो, आणि उभ्या गाडीवरून कोणीही तो काढून नेऊ शकतो.

दुसऱ्या प्रकारात रिमोट आसनाखाली किंवा हेडलाइटच्या आवरणात दडविला जातो. त्याच्या बटणाच्या दोन टोकांना तारा जोडून त्या एका रिलेकडे नेतात. रिलेला हेडलाइटच्या ‘अप्पर’च्या तारेतून वीज मिळते. पास-स्विच दाबताच रिले बटणाची टोके जोडतो व रिमोट संकेत पाठवितो. स्विचासाठी डाव्या हाताची बोटे पुरतात; मूठ सोडावी लागत नाही. रस्त्यात समोरच्याला अप्पर दाखविताना रिमोट विनाकारण चालू नये म्हणून तयार संचांत अप्पर ओळीने दोनदा चमकविल्यावरच संकेत जाईल अशी योजना असते.

गाडीची वीज १२ व्होल्टची, तर अनेक रिमोटांतील बटणाएवढ्या बॅटरीचा दाब ३ व्होल्टचा असतो. त्यामुळे गाडीची वीज थेट रिमोटला दिल्यास तो जळतो. रिलेमुळे हे दोन्ही मंडल अलग राहतात. वीज इग्निशनच्या किल्लीमागून घेणे हा या जोडणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. तसे न केल्यास अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा स्विच दाबून कोणालाही घराचे दार उघडता येईल.

संकेतांची सुरक्षितता

स्थिर संकेताचा रिमोट दर वेळी तेच अंक पाठवितो. ते जवळून टिपून पुन्हा प्रक्षेपित केले की दार उघडते. सॅमी कामकर या अमेरिकी संशोधकाने २०१५ मध्ये एका खेळण्यातील रेडिओ वापरून, संकेत टिपल्यावाचूनही अशी दारे दहा सेकंदांच्या आत उघडता येतात हे दाखविले. त्यामागील गणित द ब्रॉइन अनुक्रम या नावाने ओळखले जाते. मराठीच्या विद्यार्थ्यांना त्याचे उदाहरण वृत्तांच्या पाठातच भेटते. ‘यमाताराजभानसलगा’ या दहा अक्षरांत लागोपाठची तीन-तीन अक्षरे घेत गेल्यास लघु-गुरूंचे आठही गण एकेकदा येतात. सुटे लिहिले तर त्यांना चोवीस अक्षरे लागतील. त्याच न्यायाने १२ अंकी सर्व ४,०९६ संकेत सुटे पाठविण्यास ४९,१५२ अंक लागतात, तर एकात एक गुंफल्यास ४,१०७ अंक पुरतात. अनेक जुनी ग्राहक यंत्रे संकेत कोठे सुरू झाला हे पाहत नसत, म्हणून ही युक्ती चालली.

१९९० च्या दशकात ‘रोलिंग कोड’ म्हणजे दर वेळी बदलणारा संकेत आला. यात रिमोट व ग्राहक यंत्र दोघेही एकच मोजणी पुढे नेतात आणि वापरून झालेला संकेत पुन्हा स्वीकारला जात नाही. अशा रिमोटची नक्कल करणारा दुसरा रिमोट चालत नाही. तो मोटारीवरील ‘लर्न’ बटण दाबून स्वतंत्रपणे ओळखीचा करून द्यावा लागतो. वर वर्णिलेल्या रिलेच्या पद्धतीत मूळ रिमोटच बोलत असल्याने ही अडचण येत नाही.

गाडी चोरीस गेल्यास तिच्याबरोबर घराची किल्लीही जाते आणि गाडीतील कागदपत्रांवर घराचा पत्ता असतो. अशा वेळी मोटारीच्या स्मृतीतील सर्व रिमोट पुसून उरलेले नव्याने नोंदविणे हाच खरा उपाय आहे.

दाराखालील धोका

बंद होणाऱ्या दाराखाली मुले चिरडल्याच्या दुर्घटनांनंतर अमेरिकेत कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तयार झालेल्या घरगुती यंत्रांत, आड काही आल्यास दार उलटे फिरविणारी व्यवस्था तसेच प्रकाशझोताचा संवेदक किंवा तत्सम संरक्षण बंधनकारक आहे. हा झोत जमिनीपासून जास्तीत जास्त ६ इंचांवर असतो. मोटारगाडीचे चाक तो अडविते. दाराखाली थांबलेल्या दुचाकीच्या दोन चाकांमधून मात्र, इंजिनाच्या खालून, तो निसटून पलीकडे जाऊ शकतो. संवेदकाला दुचाकी दिसतच नाही आणि दार स्वाराच्या डोक्यावर उतरू लागते. त्यामुळे दार पूर्ण वर जाईपर्यंत बाहेर थांबणे, दाराच्या रेषेत न रेंगाळता आत जाणे आणि उतरल्यावर भिंतीवरील बटणाने ते बंद करणे हा क्रम पाळला जातो.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रातील शहरांत दुचाकी बहुधा इमारतीखालील मोकळ्या वाहनतळात उभी राहते, त्यामुळे हा प्रश्न बंगल्यांच्या सरकत्या फाटकांपुरता व रिमोटवर चालणाऱ्या शटरांपुरता उरतो. वीज गेल्यावर फाटक हाताने सरकविता यावे म्हणून मोटारीला किल्लीने सोडवण्याची सोय असते. ती किल्ली फाटकाच्या आतच राहिली, तर हँडलवरील रिमोटचा काही उपयोग होत नाही.