खोली भाड्याने दिली, मग आगीची जबाबदारी कुणाची? घरमालक-भाडेकरू दोघांनी वाचाच

तालुक्याच्या गावी कॉलेजची पोरं, एमआयडीसीतले कामगार, बदलीवर आलेले शिक्षक भाड्याच्या खोल्यांत राहतात. करार बहुतेक तोंडीच. आग लागली की मालक म्हणतो, "गॅस त्यांचा होता." भाडेकरू म्हणतो, "वायरिंग मालकाचं होतं."

सोपा हिशोब असा: घराला जे पक्कं बसवलंय ते मालकाने बघायचं, भाडेकरूने जे आणलं ते भाडेकरूने.

मालकाची कामं
• वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. एका खोलीच्या जुन्या वायरवर चार खोल्या जोडू नका.
• फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा.
• जिना, बोळ मोकळा ठेवा. जिन्याखाली गाडी चार्जिंगला लावू देऊ नका.
• खिडक्यांना गज असतील तर एक तरी आतून उघडणारी हवी.

भाडेकरूची कामं
• गॅसची नळी ५ वर्षांनी बदला. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर.
• हिटर आणि इलेक्ट्रिक शेगडी एकाच एक्स्टेंशनवर लावू नका.
• गॅसचा वास आला तर कुठलंच बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

मालक ऐकत नसेल तर?
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जिथे लागू आहे, तिथे घर राहण्याजोगं ठेवणं हे कलम १४ नुसार मालकाचं काम. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्या. तरी काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. बिलं जपून ठेवा.

निष्काळजीपणामुळे जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग तो मालक असो की भाडेकरू.

आजच करा
करार लेखी करा. वायरिंग कुणी तपासायचं, दुरुस्ती किती दिवसांत करायची, हे त्यात लिहून घ्या. खोली ताब्यात घेताना मीटर, बोर्ड, वायरींचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पुढे वाद झाला तर तेच कामी येतात.

आग लागली तर आधी माणसं बाहेर काढा, मग ११२ किंवा १०१ ला फोन करा. विजेची आग असेल तर जमल्यास मेन स्विच बंद करा, पाणी मारू नका.